वरच्या बर्थवरची वहिदा

रात्रीची गाडी. वहिदा रहमान आईवडिलांबरोबर उटीला निघाली आहे आणि त्याच डब्यात देव आनंदही येऊन बसला आहे. ती वरच्या बर्थवर, हा खाली. त्याला तिच्याशी बोलायचंय, पण तिच्या आईवडिलांदेखत बोलणार काय? म्हणून तो गाऊ लागतो. गाणं वरकरणी देवाला घातलेलं गाऱ्हाणं आहे, ‘वरच्या’कडे केलेली तक्रार. वडीलधाऱ्या माणसांना त्यात वावगं काही सापडू नये. यातला वरचा म्हणजे आकाशातला नव्हे, वरच्या बर्थवरचा, हे डब्यात फक्त दोघांना कळतं आणि डब्याबाहेर, अंधारात बसलेल्या आपल्याला.

‘अपनी तो हर आह’ हे गाणं ‘काला बाज़ार’मधलं. सिनेमा १९६०चा. शब्द शैलेंद्रचे, चाल सचिनदेव बर्मनची, आवाज रफीचा, आणि हा सगळा खोडसाळपणा रचणारा दिग्दर्शक होता अवघा सव्वीस वर्षांचा. विजय आनंद. घरात आणि इंडस्ट्रीत सगळे त्याला गोल्डी म्हणत.

त्या गाण्यात काय काय घडतं ते मोजून बघा. मुलाने प्रेम कबूल केलं. मुलीला ते कळलं. आपल्याला कळलंय हे त्याला कळू द्यायचं की नाही, याचा विचार तिने केला. आईवडिलांना यातलं काहीच कळलं नाही. चार पानांचे संवाद लिहूनही जे जमलं नसतं ते चार मिनिटांत, एका बंद डब्यात, कुणीही जागचं न उठता पार पडलं. हिंदी सिनेमात गाणं लागलं की गोष्ट दम खायला थांबते आणि प्रेक्षक विडी ओढायला बाहेर जातो, हा तेव्हाचा रिवाज. गोल्डीच्या सिनेमात गाण्याच्या वेळी जो बाहेर गेला त्याला परत आल्यावर शेजाऱ्याला विचारावं लागे, मध्ये काय झालं?

त्याची जन्मतारीख २२ जानेवारी १९३४, गाव पंजाबातलं गुरदासपूर. भावांमधला हा सगळ्यांत धाकटा. लहानपणी केस सोनेरी होते म्हणून गोल्डी. सिनेमात आलेल्या भावांत थोरला चेतन आनंद. त्याच्या ‘नीचा नगर’ला १९४६ साली कानच्या महोत्सवात सर्वोच्च बक्षीस मिळालेलं. मधला देव, ज्याच्याबद्दल वेगळं काही सांगायला नको. या दोघांनी १९४९मध्ये ‘नवकेतन’ काढली, तेव्हा गोल्डी शाळकरी वयाचा होता. पुढे मुंबईत सेंट झेवियर्समध्ये शिकताना तो कॉलेजच्या नाटकांत रमला, आणि ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (१९५४) या नवकेतनच्या चित्रपटाचं लेखन त्याने वहिनीबरोबर, म्हणजे चेतनची पत्नी उमा आनंद हिच्याबरोबर केलं तेव्हा तो जेमतेम विशीचा होता. तेविसाव्या वर्षी त्याच्या नावावर पहिलं दिग्दर्शन लागलं: ‘नौ दो ग्यारह’, १९५७. घरचीच कंपनी, घरचाच हिरो, हे खरंच. पण घरच्या कंपनीत शिरकाव मिळणं सोपं आणि टिकणं अवघड, कारण चुकलं की ते जेवणाच्या टेबलावरही ऐकावं लागतं.

‘काला बाज़ार’वरून उठण्याआधी मुंबईकरांसाठी त्यातली आणखी एक गंमत. देव आनंद यात नोकरी गमावलेला बस कंडक्टर आहे. पुढे तो सिनेमाची तिकिटं ब्लॅकमध्ये विकणाऱ्यांचा दादा होतो. धंद्याची भरभराट दाखवायला एखादी मोठी गर्दी हवी. ती गोल्डीने कुठून आणली? २५ ऑक्टोबर १९५७ला मरीन लाइन्सच्या लिबर्टी थिएटरात ‘मदर इंडिया’चा प्रीमियर झाला, त्या रात्रीची खरी दृश्यं त्याने आपल्या सिनेमात वापरली. गाड्यांतून उतरणारे खरेखुरे सितारे, खरी झुंबड, आणि त्यात आपल्या खोट्या गोष्टीतला खोटा ब्लॅकवाला. आज ती दृश्यं बघताना सिनेमा क्षणभर विसरायला होतं आणि त्या काळची लिबर्टीबाहेरची रात्रच समोर उभी राहते. बातमी आणि गोष्ट यांचा असा सांधा जुळवायचं सुचणं, तेही दुसऱ्या सिनेमात, मला अजून विलक्षण वाटतं.

गोल्डीच्या हातचं नवल कळायचं तर गाणं चित्रित कसं होतं ते थोडं आतून बघायला हवं. पडद्यावर नट गातो तेव्हा तो गात नसतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. गाणं आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होतं. मग सेटवर मोठ्या कर्ण्यातून ते वाजवतात आणि नट त्याबरहुकूम ओठ हलवतो. कॅमेऱ्याची मोटर आणि गाणं वाजवणारं यंत्र यांची गती तंतोतंत जुळावी लागते. एक जरा पुढे गेलं की ओठ आणि सूर यांची फारकत होते, आणि प्रेक्षकाला कारण कळलं नाही तरी खटकतं. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने पळते, म्हणजे मिनिटाला ९० फूट. चार मिनिटांचं गाणं म्हणजे ३६० फूट फिल्म. हजार फुटांचा डबा चढवला तर अकरा मिनिटं चालतो. थोडक्यात, अख्खं गाणं एका दमात टिपायला यंत्राची आडकाठी नव्हती.

आडकाठी माणसांची होती. तुकड्यातुकड्याने चित्रण केलं की चूक झाली तर तेवढा तुकडा पुन्हा घेता येतो. हिरोने एक ओळ म्हटली, कट. हिरॉईनने मान वळवली, कट. फुलं, कट. लांब शॉटमध्ये ही सोय नाही. तिथे नटाचे ओठ, नटाची चाल, ट्रॉली ढकलणाऱ्यांचे पाय, फोकस सांभाळणाऱ्याची बोटं आणि दिव्यांची जागा हे सगळं शेवटच्या सेकंदापर्यंत एकत्र चालावं लागतं. तीनशे फुटांवर कुणाचा तरी पाय अडखळला की तीनशे फूट फिल्म वाया, आणि ज्या देशात कच्ची फिल्म परदेशातून परकीय चलन मोजून यायची तिथे हा हिशेब निर्मात्याच्या काळजाला लागायचा. तरी गोल्डी लांब शॉट घ्यायचा. का, ते ‘गाइड’पाशी बघू. आधी कुतुबमिनार.

‘तेरे घर के सामने’ (१९६३)मध्ये देव आनंद वास्तुविशारद आहे. दिल्लीतले दोन हाडवैरी आपापल्या बंगल्याचं काम त्याच्याकडे देतात. त्यातला एक त्याचा बाप, दुसरा नूतनचा. आता हिरो-हिरॉईनला फिरायला न्यायचं कुठे? वास्तुविशारदाला शोभेल अशी जागा हवी, म्हणून कुतुबमिनार. मिनाराची उंची साडेबहात्तर मीटर, पायऱ्या ३७९, आणि आतला गोल जिना इतका अरुंद की त्यात कॅमेरा, दिवे आणि दोन नट मावणं अशक्य. तेव्हा बाहेरून मिनार खरा आणि जिन्याचा आतला भाग स्टुडिओत बांधलेला. ‘दिल का भंवर’ हे गाणं त्या जिन्यावर, उतरता उतरता घडतं.

उतरता उतरता, हे महत्त्वाचं. जिना गोल आहे, म्हणजे दोन पायऱ्या पुढे गेलेलं माणूस दिसेनासं होतं. नूतन पुढे जाते, वळणाआड नाहीशी होते, देव खाली येतो आणि ती पुन्हा दिसते. मध्येच वर चढणारे पर्यटक आडवे येतात आणि लाडीगोडी अर्धवट राहते. लपाछपीसाठी वेगळं काही रचावंच लागत नाही, ती त्या दगडी मळसूत्रातच आहे. दुसऱ्या कुणी हेच गाणं मिनारासमोरच्या हिरवळीवर घेतलं असतं आणि मिनार मागे कॅलेंडरातल्या चित्रासारखा उभा राहिला असता. गोल्डीने जागेच्या आकारातून गाण्याची हालचाल काढली. डिसेंबर १९८१मध्ये त्या खऱ्या जिन्यावर अंधारात चेंगराचेंगरी झाली, ४५ जीव गेले, त्यात बहुतेक शाळेची मुलं होती. तेव्हापासून जिना लोकांसाठी बंद आहे.

याच सिनेमाच्या शीर्षकगीतात नूतन दारूच्या ग्लासात दिसते. देव ग्लासाकडे बघून गातोय आणि आत एवढीशी नूतन. ग्लासात बर्फ पडतो तशी ती कुडकुडते. अशा करामतीसाठी तेव्हा संगणक नव्हता. दोन वेगळी चित्रणं मोजूनमापून एकाच फिल्मवर आणावी लागत, आणि नटीला रिकाम्या जागेत, नसलेल्या बर्फाकडे बघून हुडहुडी भरवून घ्यावी लागे. पण तंत्रापेक्षा मला त्यातली नूतनची कुडकुड आवडते. ट्रिक सगळ्यांनाच सुचते; ट्रिकमधल्या माणसाला थंडी वाजेल हे सुचायला गोल्डी लागतो.

आता ‘गाइड’.

या सिनेमाचा जन्मच धेडगुजरी. आर. के. नारायण यांची कादंबरी १९५८ची, तिला १९६०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला. देव आनंदने ती घेतली ती दोन सिनेमांसाठी: एक इंग्रजी, पटकथा नोबेल विजेत्या पर्ल बक यांची आणि दिग्दर्शन टॅड डॅनिएलेव्स्की यांचं, दुसरा हिंदी, दिग्दर्शक चेतन आनंद. दोन्ही बरोबरच करायचे असं ठरलं, पण एका सेटवर दोन दिग्दर्शकांचं जमणार कसं? चेतनला ‘हकीकत’ करायचा होता, तो निघून गेला. मध्ये राज खोसलाचं नाव आलं आणि गेलं. शेवटी हिंदी ‘गाइड’ धाकट्याच्या गळ्यात पडला. त्याने इंग्रजी पटकथा बाजूला ठेवली आणि हिंदी नव्याने लिहिली. इंग्रजी सिनेमा अमेरिकेत आपटला. हिंदीचं काय झालं ते सांगायची गरज नाही. नारायण मात्र नाराजच राहिले. त्यांच्या मालगुडीचं राजस्थान झालं होतं. सिनेमावाल्यांनी आपल्या पुस्तकाचं काय केलं यावर त्यांनी एक खमंग लेख लिहिला, त्याचं नावच ‘मिसगाइडेड गाइड’. लेखकाच्या बाजूने बघितलं तर ते बरोबरच होते. पण हा सिनेमा पुस्तकाशी इमान राखून एवढा मोठा झाला असता असं मला वाटत नाही.

‘आज फिर जीने की’ हे गाणं घ्या. रोझी म्हणजे वहिदा, एका कोरड्या, पुराणवस्तूंत बुडालेल्या नवऱ्याच्या संसारातून नुकतीच बाहेर पडली आहे. नाचणं तिला वर्ज्य होतं. आता तिने पायात घुंगरू बांधलेत. गाणं सहसा मुखड्याने सुरू होतं, हे मात्र अंतऱ्यासारख्या ओळींनी सुरू होतं. म्हणजे आधी बंधन तुटल्याची खबर येते आणि मग जगण्याची इच्छा बोलून दाखवली जाते. क्रम उलटा झाला आणि त्यामुळे अर्थ सुलटा लागला. चित्तोडगडाच्या तटावरून, कठड्याच्या अगदी कडेने ती चालते तेव्हा पोटात गोळा येतो. ही बाई आता पडेल की उडेल? हा प्रश्न पुढच्या सगळ्या गोष्टीचाच आहे. देव आनंदला म्हणे ही चाल आधी पसंत नव्हती. गोल्डीने सांगितलं, आधी चित्रण करू, नाही आवडलं तर बदलू. आणि संध्याकाळपर्यंत अख्खं युनिट तेच गाणं गुणगुणत होतं, असा किस्सा सांगतात.

मग ‘पिया तोसे’. आठ मिनिटांहून मोठं गाणं, कडव्यागणिक वेगळा सेट, वेगळा पोशाख, वेगळा सण. पहिल्या कडव्यात रोझी कुणीच नाही आणि शेवटच्या कडव्यापर्यंत ती नामवंत नर्तकी झालेली आहे. काही वर्षं त्या एका गाण्यात निघून जातात. सेट रचणारा कलादिग्दर्शक होता राम येडेकर, तोच आपला मराठी माणूस ज्याने पुढे ‘शोले’चं रामगड उभं केलं. रंग इतके, पण डोळा कुठे भरकटत नाही. फली मिस्त्रीचा कॅमेरा सगळं वहिदाच्या पायांशी बांधून ठेवतो.

आणि या थाटामाटाच्या बरोबर उलट टोकाला ‘तेरे मेरे सपने’. इथे आपण मघाचा लांब शॉटचा प्रश्न सोडवू. रोझी घाबरलेली आहे. नवरा सुटला, पण हा गाइड तरी भरवशाचा आहे का? गाइड राजू, म्हणजे देव, तिला वचन देतोय. गाणं उदयपूरच्या संधिप्रकाशात घेतलंय आणि त्यातले शॉट हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच. संधिप्रकाश म्हणजे फार तर पंधरा-वीस मिनिटांचा खेळ. तेव्हाची रंगीत फिल्म आजच्या मानाने फार मंद, तिला उजेड लागायचा भरपूर, म्हणजे त्या वीस मिनिटांतलीही सगळी उपयोगाची नव्हेत. तालीम दिवसभर करायची, उजेड हवा तसा उतरला की एक शॉट, जमला तर जमला. नाहीतर पुन्हा तीच वेळ येईपर्यंत थांबायचं.

एवढा आटापिटा कशासाठी? दोघं एकाच चौकटीत, न तुटता दिसत राहावीत म्हणून. ती त्याच्यापासून दूर सरकते, कॅमेरा सरकतो. तो जवळ येतो, ती थांबते, पुन्हा वळते. मधल्या अंतरावर आपली नजर खिळलेली असते. कट मारला असता तर ते अंतर दिग्दर्शकाच्या कात्रीने मिटवलं असतं. इथे ते तिला स्वतःच्या पायांनी, आपल्या डोळ्यांदेखत मिटवावं लागतं. ती त्याच्या खांद्याशी येते तेव्हा आपल्यालाही तिचा निर्णय पटतो, कारण तो होताना आपण पूर्ण वेळ तिथे होतो. संकलन गोल्डी स्वतः करायचा आणि कात्री हातात असलेल्या माणसाने ती न चालवण्याचा निर्णय घेणं याला वेगळंच धैर्य लागतं.

याच जोडप्याचं पुढे फाटतं. तेव्हा दोन गाणी लागोपाठ येतात, एक तिच्या बाजूने, दुसरं त्याच्या. दोन्हीत आरोप, आणि सूर असे जुळलेले की एकाच भांडणाच्या दोन बाजू वाटाव्यात. हिंदी सिनेमात द्वंद्वगीतं हजारोंनी सापडतील, पण घटस्फोटाचं द्वंद्वगीत मला हे एकच ठाऊक आहे. ‘गाइड’ला फिल्मफेअरची सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, नट आणि नटी अशी चारही मोठी बक्षिसं मिळाली. संगीताचं मात्र मिळालं नाही. ते गेलं ‘सूरज’ला. बक्षिसांबद्दल इतकंच.

एवढ्यावर कुणी थांबला असता. गोल्डी पुढच्याच वर्षी नासिर हुसेनच्या कंपनीत ‘तीसरी मंज़िल’ घेऊन हजर झाला. हिरो शम्मी कपूर, संगीतकार सचिनदांचा मुलगा राहुलदेव. चित्रण चालू असताना जानेवारी १९६५मध्ये शम्मीची पत्नी गीता बाली देवीने गेली आणि काम थांबलं. पण पडद्यावर बघताना त्या दुःखाचा मागमूसही लागत नाही, हे नवल शम्मीचं. गोष्ट खुनाची: तिसऱ्या मजल्यावरून एक मुलगी पडते आणि तिची बहीण सूड घ्यायला मसुरीला येते. हिरो ड्रमर, म्हणून ऑर्केस्ट्रा गोष्टीचाच भाग. ‘ओ हसीना’मध्ये हेलनच्या मागे सेटवर भलाथोरला डोळा उघडा आहे. रहस्यपटात कुणीतरी सतत बघत असतं, ही गोष्ट संवादात न सांगता सेटच सांगून टाकतो.

‘ज्वेल थीफ’ (१९६७)मधली लबाडी याहून मोठी. विनय नावाच्या माणसाला सगळे अमर म्हणून ओळखतात. तो नाही नाही म्हणतो. एका पार्टीत त्याला बूट काढायला लावतात, कारण अमरच्या पायाला सहा बोटं आहेत. बूट निघेपर्यंत गोल्डी इतका वेळ काढतो की आपण, ज्यांनी त्याला पहिल्या रिळापासून बघितलंय, तेही मनात बोटं मोजू लागतो. पण खरा डाव वेगळाच. सज्जनपणाचा शिक्का बसलेल्या अशोककुमारला त्याने चोर केलं. तीस वर्षं त्या चेहऱ्यावर प्रेक्षकांनी जो विश्वास ठेवला, तोच गोल्डीने बुरखा म्हणून वापरला. पटकथेत कितीही वळणं घातली असती तरी हे साधलं नसतं. अशोककुमारचं आयुष्यभराचं काम हीच या सिनेमातली युक्ती होती.

सिनेमाच्या शेवटाकडे ‘होठों पे ऐसी बात’ येतं. सिक्कीम तेव्हा भारतात विलीन व्हायचं होतं, तिथे चोग्याल राज्य करत, विलीनीकरण १९७५चं. त्या दूरच्या राजवाड्याच्या वातावरणात वैजयंतीमाला नाचते आणि वेशांतर केलेला देव तालवाद्य घेऊन तिच्या आसपास. तिला एक गोष्ट ठाऊक आहे जी तोंडातून निघता कामा नये. नाच जसा चढतो तसा कॅमेरा तिच्याभोवती घिरट्या घालू लागतो, शॉट लांबत जातात आणि तिला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. दाबून धरलेलं गुपित आणि दमछाक करणारा नाच, दोन्ही एकाच शरीरात. भरतनाट्यममध्ये मुरलेली वैजयंतीमाला नसती तर असे शॉट मागायची कुणाची छाती झाली नसती.

‘जॉनी मेरा नाम’ (१९७०) हा धंद्याच्या दृष्टीने त्याचा कळस. ‘पल भर के लिए’मध्ये हेमा मालिनी रुसली आहे आणि देव तिला मनवतोय, एवढाच मामला. गोल्डीने घराला खिडक्याच खिडक्या दिल्या, वर, खाली, कोपऱ्यात, नको तिथे. ती एक लावते, हा दुसऱ्यातून डोकावतो. बघता बघता घर म्हणजे कोकिळेचं घड्याळ होऊन जातं. याच सिनेमात राजगीरचा रोपवे आणि नालंदाचे अवशेष आहेत. रोपवे तेव्हा अगदी नवा होता, आणि गोल्डीने पर्यटन खात्याच्या आधी त्याची जाहिरात करून टाकली म्हणायला हरकत नाही.

पुढचा काळ उताराचा. ‘तेरे मेरे सपने’ नावाचा सिनेमा (१९७१), ए. जे. क्रोनिनच्या ‘द सिटाडेल’वरचा, माझ्या मते त्याचा सगळ्यांत समजूतदार सिनेमा आहे आणि तो फारसा चालला नाही. ‘ब्लॅकमेल’ (१९७३)मध्ये त्याने धर्मेंद्र आणि राखीला मारेकऱ्यांपासून लपवून लाकडांच्या ढिगात कोंबलं आणि तिथे, जीव टांगणीला लागलेला असताना, नवराबायकोची मनं जुळवली. कल्पना आजही चक्रावून टाकते, सिनेमा पडला. अँग्री यंग मॅनच्या दिवसांत त्याचं खट्याळ, चपळ जग जुनं वाटू लागलं. मोठमोठे नट घेऊन केलेले ‘राम बलराम’ आणि ‘राजपूत’ बघताना कॅमेऱ्यामागे गोल्डी आहे हे सांगावं लागतं. गुणवान माणसाचं मन उठलं की काय होतं, ते त्यांत दिसतं.

मध्येच तो नट म्हणूनही बरा होता: ‘कोरा काग़ज़’मधला जया भादुरीचा प्राध्यापक नवरा तोच, आणि नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर ‘तहकीकात’मधला गुप्तहेर सॅम डिसिल्वा तोच. २००१ साली तो सेन्सॉर बोर्डाचा अध्यक्ष झाला. प्रौढांचे उघडेवाघडे सिनेमे कापण्यापेक्षा त्यांना वेगळं प्रमाणपत्र द्या आणि वेगळ्या थिएटरांत दाखवा, असं त्याचं म्हणणं. सरकारला ते झेपलं नाही आणि पुढच्याच वर्षी त्याने राजीनामा दिला. २३ फेब्रुवारी २००४ला मुंबईत तो गेला.

त्याचं काम मात्र लाखो घरांत बिननावाने पोचलं होतं. मुंबई दूरदर्शनच्या ‘छायागीत’मध्ये आणि मग ‘चित्रहार’मध्ये ही गाणी सिनेमातून सुटून एकेकटी यायची. शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसून ती बघणाऱ्यांना गायक, संगीतकार, हिरो सगळे ठाऊक असत. त्या खिडक्या, तो जिना, तो डोळा कुणाच्या डोक्यातून निघाला हे विचारायची पद्धतच नव्हती. आणि गोष्टीपासून तोडल्यावरही ती गाणी एवढी तगली, हा त्यांच्या बांधणीचा पुरावा, कारण प्रत्येकाच्या पोटात एक लहानशी गोष्ट पूर्ण होती.

ज्यांनी विचारलं त्यांच्यापैकी एक श्रीराम राघवन. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला. त्याचा ‘जॉनी गद्दार’ (२००७) विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केलेला आहे, आणि त्यातला हिरो खोटं नाव घ्यायची वेळ येते तेव्हा टीव्हीवर चाललेल्या ‘जॉनी मेरा नाम’मधून ते उचलतो. पुढे २०१८मध्ये त्याने पुण्यात घडणारा ‘अंधाधुन’ केला आणि तो ‘छायागीत’ व ‘चित्रहार’ला अर्पण केला. त्यात आंधळेपणाचं सोंग घेतलेला एक पियानोवादक पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये वाजवायला येतो. वाजवता वाजवता त्याला जमिनीवर प्रेत दिसतं. घरातली बाई आणि तिचा साथीदार त्याच्या डोळ्यांसमोर, पावलांचा आवाज न करता, ते उचलतात, पुसतात, बॅगेत भरतात. त्यांच्या मते हा आंधळा आहे. तो थांबला तर कळेल की त्याला दिसतंय. म्हणून तो वाजवत राहतो, आणि जोवर पियानो चालू आहे तोवर खुनाची आवराआवर चालू राहते, एकही संवाद न बोलता.